पहिल्या विमानाची पहिली प्रवासी

शैला,

लोक तुला 'सुटली' म्हणताहेत. हे तुला कळवायला हवं, कारण दुसरं कोणी कळवणार नाही.

तू गेल्यापासून घरात माणसांची रीघ आहे. येतात, बसतात, मान एका बाजूला कलती करतात आणि म्हणतात, "सुटली हो बिचारी." परवा मी एकीला विचारलंच, कशातून सुटली? तिने चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे... नवऱ्यामागे एवढी वर्षं काढली ना." जशी काही तू ती वर्षं येरवड्याला काढलीस. त्या वर्षांत तू पोरीला, मुक्ताला, इंजिनियर केलंस. वारज्याच्या दोन खोल्यांत मेस काढून विदर्भातून आलेल्या किती पोरांना जेवू घातलंस. आणि या इमारतीतल्या कुठल्याही सवाष्णीपेक्षा जास्त मोठ्याने हसलीस. तुला 'बिचारी' म्हणणाऱ्या एका पाहुणीच्या ताटातली पोळी तू एकदा उचलून परत डब्यात ठेवली होतीस. ही हकिकत मी त्या बाईंना सांगितली. त्यांनी चहा अर्धा टाकला आणि उठल्या. बरं झालं.

बाकीची कामं उरकली. मेसच्या मुलांची सोय पुढच्या चौकातल्या खानावळीत लावली. गॅसच्या टाक्या परत केल्या. बँक झाली. दवाखान्याचे कागद एका फाइलला लावले. माझ्या याद्यांवर तू कायम हसायचीस. "ताई, तू मेली तं यमाले बी यादी देशील," म्हणायचीस. देईन की. त्याच्याकडे कारभार नीट चालत असता तर माझ्याआधी तुझा नंबर लागला नसता. मी थोरली जाऊ, तू धाकटी. साधा क्रम त्याला पाळता आला नाही.

आता यादीत खूण करायला काही उरलेलं नाही. उरलंय ते आपलं भांडण, आणि ते कुठल्या रकान्यात घालायचं ते मला समजत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

ते भांडण विमानतळावर सुरू झालं. त्याआधी आपण भांडलो नव्हतो असं नाही, पण त्याआधीची भांडणं दोन जावांची होती. डब्याची झाकणं, पाहुण्यांच्या गाद्या, असली.

तो काळ आठव. हिंजवडीत काल ऊस होता तिथे आज काचेची इमारत दिसायची. त्यातल्याच एका कंपनीत मी प्रशासनात होते. बस, गेस्ट हाऊस, साहेबांची तिकिटं, सगळं माझ्याकडे. रोज कुठली तरी नवी स्वस्त विमान कंपनी निघत होती. जेवण नाही, पाणी विकत, सीटला नंबर नाही, जो आधी चढेल त्याची खिडकी. एसटीच, फक्त उडणारी. त्यातल्या एका कंपनीने पुण्याहून नागपूरला विमान सुरू करायचं जाहीर केलं, आणि त्याच आठवड्यात वर्ध्याला तुझ्या भाच्याचं लग्न होतं. मी पहिल्याच दिवसाची, पहिल्याच विमानाची दोन तिकिटं काढून मोकळी झाले. तुला नुसतं कळवलं.

"बाप्पा! अन् मले उलटी झाली तं?"

"पिशवी देतात."

"फुकट?"

"हो."

"मग चालते."

तोपर्यंत तू माहेरी जायचीस ती ट्रॅव्हल्सच्या बसने. दिवस मावळताना बसायचं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर सुजलेले पाय घेऊन उतरायचं. अशोकभाऊजी गेल्यावर माहेरी गेलीस तीही त्याच बसने. तिकीट तू उलटसुलट करून बघितलंस. मग म्हणालीस, "ताई, लग्नात मी मागंच उभी राहते. विमानात तं पुढं बसून घेते." तू हसत म्हणालीस. मी हसले नाही. मला तेव्हाच कोणाचा तरी राग आला होता, फक्त कोणाचा ते ठरायचं होतं.

ते विमानतळावर ठरलं.

वारजे आणि लोहगाव म्हणजे शहराची दोन टोकं, आणि खिडकी मिळवायची असेल तर रांगेत पहिलं असायला हवं, म्हणून आपण इतक्या लवकर पोचलो की दारावरचा जवान घड्याळाकडे बघून हसला. तू मोरचुदी रंगाची साडी नेसली होतीस, खांद्याला पर्स, हातात डबा. विमानाकडे सोडणाऱ्या दारासमोर चिटपाखरू नव्हतं. तू जाऊन उभी राहिलीस. पहिली. मागे मी. हळूहळू मागे रांग लागली. नागपूरकडची कुटुंबं, हिंजवडीची गळ्यात ओळखपत्रं घातलेली पोरं, सफारीतले एक गृहस्थ. तू दर थोड्या वेळाने मागे वळून रांग केवढी झाली ते बघत होतीस आणि खूश होत होतीस. "किती लोक माह्या मागं, ताई," म्हणालीस.

मग नारिंगी गणवेशातली एक मुलगी तबक घेऊन आली. पहिलंच विमान, म्हणून पहिल्या प्रवाशाचा सत्कार. ओवाळणार, ओटी भरणार, फोटो काढणार. विमानतळ हवाई दलाचा. 'फोटो काढण्यास मनाई' असा बोर्ड होता आणि त्या बोर्डाच्या खालीच फोटोग्राफर उभा होता. आत विस्तव चालत नाही म्हणून तबकात निरांजनाऐवजी बॅटरीची ज्योत होती, लुकलुकणारी. त्या मुलीने तुझ्याकडे बघून तोंडभर हसून सांगितलं, "मॅम, तुम्ही आमच्या फर्स्ट पॅसेंजर!" तू पदर सारखा केलास. तो पदर सारखा करणारा हात मला अजून दिसतो.

तेवढ्यात कंपनीचे व्यवस्थापक आले. कपाळाला गंध, गळ्यात नवा टाय. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, म्हणजे तुझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं. मुलीला बाजूला घेतलं. मग माझ्याजवळ आले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "आपल्याबरोबरच्या ताई... त्यांचे मिस्टर?"

"वारले."

"अच्छा, अच्छा. मग असं करू या ना, आपण पुढे या. ओटी आहे, पहिलाच दिवस आहे. आपल्याला समजतंच."

मला समजत होतं. म्हणूनच मी म्हटलं, "नाही समजत. मोठ्याने सांगा."

"अहो, हळू. आपल्याला गैरसमज..."

"गैरसमज कसला? ती विधवा आहे म्हणून तिला ओवाळायचं नाही, एवढंच ना? मग तसं मोठ्याने सांगा की! रांगेत पहिली ती आहे. तिकीट तिचं आहे. तुमचं विमान इंजिनावर उडतं का सवाष्णीवर?"

व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, भावना समजून घ्या."

"ज्योत बॅटरीची चालते तुम्हाला. सवाष्ण तेवढी खरी लागते का?"

मागून सफारीवाले गृहस्थ म्हणाले, "अहो ताई, शुभकार्यात कशाला वाद घालताय? वेळ जातोय." मी त्यांना म्हटलं, "आपला वेळ जात असेल तर आपण ओवाळून घ्या." पोरं हसली. व्यवस्थापकांना घाम फुटला. शेवटी त्यांनी रांगेतल्या तिसऱ्या बाईंना पुढे बोलावलं. हिरव्या बांगड्या, ठसठशीत मंगळसूत्र, कडेवर मूल. सगळी सामग्री जय्यत. त्या बिचाऱ्या गोंधळून पुढे झाल्या. त्यांची ओटी भरली, फोटो निघाले, टाळ्या पडल्या, आणि ते सगळं कुटुंब आपल्या आधी आत गेलं. मी व्यवस्थापकांचं नाव विचारून घेतलं, तोवर मागची रांगही पुढे निघून गेली. तक्रार करणार होते. तू हे सगळं चाललेलं असताना एक शब्द बोलली नव्हतीस. मला वाटलं, दुखावली.

धावपट्टीकडे नेणाऱ्या बसमध्ये दांडीला धरून आपण उभ्या होतो. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "सोडणार नाही मी त्याला." तू तो हात काढून टाकलास.

"तुले कोणी सांगितलं होतं?"

त्या क्षणापर्यंत तू मला 'ताई, तुमी' म्हणत होतीस. लग्न होऊन आलीस तेव्हापासून. त्या बसमध्ये पहिल्यांदा 'तू' झालं, आणि तेही असं.

"अगं, त्याने तुझा अपमान केला!"

"त्यानं तुह्या कानात सांगितलं होतं. एका माणसाले माहीत होतं, दोघांले माहीत होतं. तू साऱ्या लाइनीले सांगितलं. तू काहून वरडली? मले विचारलं का, वरडू का म्हणून?"

"विचारायला वेळ होता का?"

"अन् मले ओवाळणी पायजे होती का? मले खिडकी पायजे होती! ते लोक फोटो काढून राहिले होते, दार उघडं होतं, मी सटकून आत जाणार होती सगळ्यांच्या पहिली. तू मले पुराव्यासारखं तिथं धरून ठेवलं."

बसमधले सगळे ऐकत होते. या वेळी ओरडत तू होतीस, हे मी तुला तेव्हा दाखवून दिलं नाही. पुढे अनेकदा दाखवून दिलं.

आणि शैला, मी आजही सांगते, माझं चुकलं नव्हतं. तो माणूस कानात बोलला म्हणून त्याचं बोलणं सभ्य होत नाही. असल्या गोष्टी कानातच बोलल्या जातात, म्हणून तर त्या टिकतात. हे मी तुला किती वेळा सांगितलं, आणि तू किती वेळा तेच उत्तर दिलंस: "ते खरं आहे. पण मले विचारलं का?" या उत्तराला उत्तर नाही, म्हणून मला त्याचा अतोनात संताप यायचा. अजून येतो.

विमानात शिरलो तर खिडक्या संपलेल्या. तिसऱ्या रांगेतल्या खिडकीशी सफारीवाले गृहस्थ पट्टा बांधून तयार. मी पुढे होणार, तोच तू मला हाताने मागे सारलंस. वाकून, अगदी मऊ आवाजात त्यांना म्हणालीस, "भाऊ, लाइनीत पहिली मी होती. तुमी पाह्यलंच. तुमी उठता, का मी नागपूरपर्यंत अशीच उभी राहू?"

ते उठले. वर तुझा डबासुद्धा धरला. मी एवढा आवाज करून जे मिळवू शकले नव्हते ते तू तीन वाक्यांत घेतलंस. मला ते आवडलं आणि रागही आला. तुझ्या बाबतीत या दोन गोष्टी मला कधी वेगळ्या ठेवता आल्या नाहीत.

विमान उठलं तेव्हा तू माझा हात धरलास, भांडण तात्पुरतं थांबवून. मग डबा उघडलास. सांबारवड्या. कोथिंबिरीला तू सांबार म्हणायचीस, आणि पुण्यात पहिल्यांदा हॉटेलात सांबार मागवल्यावर वाटीत काय आलं त्याची गोष्ट तू सगळ्यांना सांगायचीस. साऱ्या विमानात वास सुटला. नारिंगी गणवेशातली दुसरी मुलगी आली, "मॅम, बाहेरचं खाणं अलाउड नाही." तू तिच्या हातावर एक वडी ठेवलीस. "खाऊन पाय, मग सांग." ती पडद्यामागे गेली आणि परत आली ती "अजून एक मिळेल का?" विचारायला. सफारीवाल्यांनाही दिलीस. मला सर्वांत शेवटी.

मग तू खिडकीला नाक लावून खाली बघत राहिलीस. मला वाटलं, लग्नाचा विचार करत असशील. नागपूर आल्याचं सांगितलं गेलं तेव्हा तू दचकलीस. "झालं? एवढंच आहे का?" मग खिडकीकडेच तोंड ठेवून म्हणालीस, "मग इतकी वर्षं मी त्या बसमध्ये काय करून राहिली होती?"

त्या प्रश्नावर मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मला पट्टा सुटत नव्हता.

ती कंपनी काही वर्षांत बंद पडली. नारळ, ओटी, सवाष्ण, मुहूर्त, सगळं रीतसर करून बंद पडली. मी ती बातमी घेऊन धावत मेसमध्ये आले. तू पोळ्या लाटत होतीस. "बघ! आता बोल!" म्हटलं. तू लाटणं न थांबवता म्हणालीस, "तिथं काम करणाऱ्या पोरी घरी बसल्या असतील ना वं. त्या वडीवालीचं काय झालं असंल?" तुझ्याबरोबर धड आनंदही साजरा करता यायचा नाही.

तरी भांडण चालू राहिलं, कारण कारणं मिळत राहिली. संक्रांतीचं आठव. माझ्याकडच्या हळदीकुंकवाला बायका आल्या की तू आपण होऊन स्वयंपाकघरात जायचीस आणि तिथून तिळगुळाच्या पुड्या बांधून बाहेर पाठवायचीस. मी ते दोन वर्षं बघितलं आणि तिसऱ्या वर्षी हळदीकुंकूच बंद केलं. सोसायटीत जाहीर केलं, आमच्याकडे आता हे होणार नाही. मला वाटलं, तू खूश होशील.

"मले विचारलं का?"

"शैला, तुला स्वयंपाकघरात बसवत होते!"

"मले माहीत आहे कुठं बसवत होते. मी का आंधळी आहे? पण तिथून साऱ्या गप्पा ऐकू येत होत्या. कोणाची सून काय म्हणाली, कोणाचा पोरगा अमेरिकेत काय करून राहिला. वर्षातून एकदा साऱ्या जणी एका जागी भेटत होत्या. तू माह्यासाठी म्हणून ते बी बंद केलं. आता मी कुठं जाऊ?"

मी म्हटलं, अपमान सहन करून गप्पा ऐकायच्या का? तू म्हणालीस, माह्या अपमानाचा हिशेब माह्याकडं आहे, तू ठेवू नको. आपण चार दिवस बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही. तू रोज डबा पाठवत होतीस, आणि मी रागाने खात होते.

पुढच्या संक्रांतीला तू मेसमध्येच घाट घातलास. जेवायला येणारी सगळी पोरं ओळीने बसवलीस, प्रत्येकाच्या कपाळाला हळदकुंकू, हातावर तिळगूळ आणि वाण म्हणून एकेक स्टीलचा चमचा. "रोज चमचे हरवते मेले, आता आपापले आणा," म्हणालीस. दाढीवाली, जीन्सवाली पोरं कुंकू लावून बसलेली, कोणी यवतमाळचा, कोणी गोंदियाचा, आणि मधे तू, कमरेला पदर खोचून. मला बोलावणं नव्हतं. मी गेले. तू माझ्याही कपाळाला कुंकू लावलंस आणि कानात म्हणालीस, "पाय, असं भांडावं."

शिकले का? नाही. मी तुझ्यासाठी न विचारता भांडत राहिले. मुक्ताच्या शाळेशी, सोसायटीशी, दवाखान्यात त्या डॉक्टरशी, जो तुझ्याशी न बोलता तुझ्या पायाशी उभा राहून मुक्ताशी बोलत होता. तिथे मात्र तू काही म्हणाली नाहीस. नुसते डोळे मिटून पडून राहिलीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं. माझ्यावर चिडायचीही ताकद राहिली नाही म्हणजे काय ते.

आता तू गेलीस त्या सकाळचं सांगते. हे तुला माहीत असण्याचा प्रश्न नाही.

समोरच्या माई आल्या. तुला माहीतच आहे, या इमारतीत बारसं असो नाहीतर मयत, सगळ्या जणी माईंना विचारतात. स्वतः माईंचे यजमान जाऊन एक जन्म उलटला. त्यांनी तुझ्याकडे एकदा पाहिलं, पदराने डोळे पुसले आणि मग भाजी सांगावी तशा सांगू लागल्या. "पांढरी साडी काढा. नसेल तर कोणाकडून तरी आणा. हळदकुंकू नको. फुलं नकोत, तुळशीचं पान पुरे." बायका लगेच कामाला लागल्या. कोणी विचारलं नाही, कोणी थांबलं नाही. कोणीतरी पांढरी साडी घेऊनसुद्धा आलं. इतकी तत्परता मी या इमारतीत पाण्याच्या टँकरच्या वेळीही पाहिली नाही.

मी तोंड उघडलं. सगळं तयार होतं ओठांवर. आणि तुझा आवाज आला, मले विचारलं का.

तू समोर होतीस, शैला. हाताच्या अंतरावर. आणि विचारता येत नव्हतं. आयुष्यभर तू मला एवढी एकच गोष्ट शिकवत होतीस, आणि ती करायची माझी तयारी झाली त्या दिवशी तू उत्तर द्यायची बंद झालीस. याला काय म्हणायचं? मी याला अन्याय म्हणते.

मी तोंड मिटलं आणि आत गेले. मुक्ता ओट्याला धरून उभी होती. मी म्हटलं, "मुक्ता, माई पांढरी साडी म्हणताहेत. फुलंही नकोत म्हणताहेत. मला भांडायचंय. भांडू का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसरीच कोणी बाई आहे. मग तिला हसू आलं आणि त्यातच रडू. "पांढऱ्यावर डाळीचे डाग पडतात म्हणायची आई." डोळे पुसून म्हणाली, "भांड काकू. पण आईला काय वाटलं असतं ते सांगू नकोस त्यांना. ते आपल्याला माहीत नाही. मला काय वाटतं ते सांग. माझं नाव घे."

"आणि साडी कुठली?"

"मला नाही सुचत. तू काढ."

मग मी बाहेर आले आणि भांडले. तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, माई, तिच्या मुलीची इच्छा नाही. माई म्हणाल्या, "पोरींना काय कळतं, रीत असते." मी म्हटलं, रीत कोणासाठी असते, जी गेली तिच्यासाठी का जी रडतेय तिच्यासाठी? एक जण म्हणाली, "सुनंदाताई, आज तरी नको." मी म्हटलं, आजच. उद्या कोणाला नेसवू? माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला म्हणतात. जाऊ दे. शेवटी मुक्ता बाहेर आली आणि तिने ती पांढरी साडी घडी करून ज्यांची त्यांच्या हातात दिली. नम्रपणे. अगदी तुझ्या आवाजात. माई उठल्या आणि आपल्या घरी गेल्या. दार लावून घेतलं.

मी तुझं कपाट उघडलं. तुझ्या साड्या होत्या, ओळीने, इस्त्री केलेल्या. मी जांभळी काढली. का, ते मला सांगता येणार नाही. विचार करायला वेळ नव्हता. खाली गाडी आली होती. मुक्ताने तुझ्या केसांत गजरा माळला, टिकली लावली. तू जांभळी नेसून गेलीस.

तेराव्याला जेवणं आटोपली, माणसं पांगली, आणि मी भांडी मोजून ठेवत होते तेव्हा माई दारात आल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. माई आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या, भिंतीला हात टेकून.

"सुनंदा."

"बोला माई."

"माझी अंजिरी इरकल आहे. कपाटात, वरच्या खणात, डाव्या हाताला. सून परदेशात, ती येईपर्यंत उशीर होईल. तुला सांगून ठेवते."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"टिकली नको," माई म्हणाल्या. "आता सवय राहिली नाही. मोगरा चालेल. मोगऱ्याचे दिवस नसतील तर काही नको. शेवंती आणू नकोस, मला आवडत नाही."

"बरं," मी म्हटलं.

"आणि आरडाओरडा जरा कमी कर. मला तेव्हासुद्धा त्रास होईल."

"बरं."

त्या गेल्या. जिना न उतरता, चार पावलं समोरच्या दारापर्यंत, हळूहळू. मी तिथेच बसले, जमिनीवर, त्या भांड्यांच्या मधे, आणि मला तुझा इतका राग आला शैला, की काय सांगू. त्या बाईने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. रंग, फूल, आवाजसुद्धा. आणि तू? एवढी वर्षं मला टोकत राहिलीस, विचारलं का, विचारलं का, आणि जाताना एका शब्दाने काही सांगून गेली नाहीस. मी तुझ्या वतीने कोणाशी बोलायचं नाही, मान्य. मुक्ताचंही मान्य. तुला काय आवडलं असतं ते आम्हाला माहीत नाही, हेही मान्य.

पण आता विचारते आहे ना मी. जांभळी चालली का गं?